यंत्राचा सातबारा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा बंद केला, आणि ज्यांचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही अशी असंख्य यंत्रे, आदल्या दिवसापर्यंत आपले काम चोख बजावीत असूनही, एकाएकी कालबाह्य ठरली. करंजाडे येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातील संगणक त्यांपैकीच एक होय. सभासदांची देखभाल वर्गणी, पाण्याच्या टँकरची बिले, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते असा सारा कारभार ज्याच्या पोटात, ते यंत्र भंगारात काढण्यापूर्वी त्यावर लिनक्स बसवून पाहावे असा ठराव समितीने केला. त्याप्रमाणे लिनक्स मिंट त्यावर बसले, नीट चालूही लागले, आणि मग प्रश्न उभा राहिला तो वेगळाच. हे यंत्र नेमके आहे तरी काय? जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत त्याची नोंद एका ओळीत आटोपलेली होती, आणि खरेदीच्या पावतीवरील वर्णन कितपत ग्राह्य मानावे याविषयी समितीत दोन तट पडले होते.

तेव्हा यंत्राकडूनच त्याची हकिकत वदवून घ्यावी असे ठरले, आणि त्या निमित्ताने दोन माणसांत जो वाद झाला तो मी येथे टिपून ठेवीत आहे. पहिले गृहस्थ आमच्याच इमारतीत राहणारे, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि नोकरीचा मोठा काळ भूसंपादनाच्या दप्तरात घालवलेले. सिडकोने १९७० पासून ज्या प्रदेशात गावेच्या गावे संपादित केली, जेथे आधी साडेबारा टक्क्यांचे आणि पुढे विमानतळासाठी विस्थापित झालेल्यांना साडेबावीस टक्क्यांचे भूखंड वाटले गेले, तेथील दप्तरात वावरलेल्या माणसाला कागद आणि जमीन यांच्यात किती अंतर पडू शकते हे शिकवावे लागत नाही. दुसरी त्यांची भाची. ऐरोली-महापे पट्ट्यात जी मोठमोठी डेटा सेंटरे उभी राहिली आहेत त्यांपैकी एका ठिकाणी ती लिनक्सचे सर्व्हर सांभाळते, आणि यंत्राची प्रकृती पडद्यावर वाचणे हाच तिचा रोजचा व्यवसाय आहे. दोघांची नावे देण्याचे प्रयोजन नाही. मामा आणि भाची एवढी ओळख पुरेशी आहे.

भाचीने टर्मिनल उघडले आणि एक शब्द टंकला, ‘फास्टफेच’. क्षणार्धात डाव्या बाजूस मिंटचे हिरवे बोधचिन्ह उमटले आणि उजवीकडे प्रणालीचे नाव, कर्नलची म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची आवृत्ती, यंत्र किती वेळ चालू आहे, प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्क किती भरली, असा तपशील ओळीने मांडला गेला.

भाची : मामा, याची एक प्रत छापा आणि नोंदवहीत चिकटवा. समितीला जे हवे ते सगळे यात आले.

मामा : आले खरे, पण कोठून आले? अर्धी जागा चित्राने अडवली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी हरकत वेगळी आहे. सातबाराच्या उताऱ्यात दोन निराळे नमुने एकत्र छापलेले असतात हे तुला ठाऊक आहे. गाव नमुना सात हा अधिकारांचा अभिलेख. कोणाच्या नावे किती क्षेत्र आणि त्यावर कोणाचा बोजा, हे त्यात असते, आणि ते कोणी दिलेल्या वर्दीवरून, दस्तावरून, फेरफाराच्या मार्गाने तेथे येते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. शिवारात उभे राहून पीक डोळ्यांनी पाहावे आणि मग लिहावे, अशी तिची मूळ अपेक्षा. दोन्ही एकाच कागदावर आले म्हणून दोन्हींचे वजन सारखे ठरत नाही. सात सांगतो ते कोणीतरी कळवलेले, बारा सांगतो ते कोणीतरी पाहिलेले. तुझ्या या पंधरा ओळींत सात कोणते आणि बारा कोणते, एवढे मला सांग. ते कळेपर्यंत मी या कागदावर सही करणार नाही.

भाची : तुमची शंका रास्त आहे, परंतु सारांशाला तुम्ही असे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. माझ्या कामात मध्यरात्री एखादा सर्व्हर धापा टाकू लागतो, फोन वाजतो, आणि निर्णय करायला फार वेळ नसतो. अशा वेळी मूळ अभिलेखांच्या पन्नास फायली एकेक करून वाचत बसायची नसतात. समोर एक पान हवे असते, नीट रचलेले, महत्त्वाचे वर आणि किरकोळ खाली. असे पान रचणे हे वाचणाऱ्यावरचे उपकारच आहेत. आणि ज्याला यंत्रातले काही कळत नाही, त्या आपल्या खजिनदारांनी काय करायचे? त्यांनी मूळ दप्तर चाळत बसावे, असे म्हणणे म्हणजे त्यांना माहितीपासून दूर ठेवणेच झाले.

मामा : खजिनदारांना सारांश द्या, जरूर द्या. पण सारांश तयार करणाऱ्याने मूळ पाहिलेले असावे. ते मूळ मला दाखव.

या मागणीने संभाषणाला जे वळण मिळाले ते मला सर्वांत उद्बोधक वाटते, कारण ‘मूळ दप्तर’ म्हणून मामांच्या मनात जी प्रतिमा होती, कपाटात बांधून ठेवलेले बस्ते आणि त्यांतील पिवळी पडलेली पाने, ती पुढच्या काही मिनिटांत पार बदलून गेली.

भाचीने ‘प्रॉक’ नावाच्या निर्देशिकेतील ‘मेमइन्फो’ ही फाईल दाखवली. यादीत तिच्या नावासमोर आकार लिहिला होता शून्य. रिकामी फाईल, असे मामा म्हणाले. मग भाचीने तीच फाईल वाचण्याची आज्ञा दिली, आणि एकूण मेमरी, मोकळी मेमरी, उपलब्ध मेमरी, बफर, कॅश अशा नोंदींच्या ओळीच्या ओळी पडद्यावर आल्या.

भाची : आकार शून्य आहे, कारण ही फाईल कोठेच साठवलेली नाही. डिस्कवर तिचा मागमूस नाही. तुम्ही ती वाचायला मागता त्या क्षणी कर्नल आपली आत्ताची स्थिती तपासतो आणि उत्तर रचून देतो. आणखी एका क्षणाने मागाल तर आकडे बदललेले असतील. चालू असलेल्या प्रक्रिया फायलींच्या रूपाने पाहता याव्यात ही कल्पना बेल प्रयोगशाळेतील टॉम किलियन यांनी युनिक्सच्या आठव्या आवृत्तीसाठी साकार केली आणि १९८४ साली तिच्यावर निबंध वाचला. लिनक्सने ती उचलली आणि प्रक्रियांपुरती मर्यादित न ठेवता सबंध यंत्रापर्यंत विस्तारली. पुढे २.६ या कर्नलबरोबर ‘सिस’ ही दुसरी निर्देशिका आली, आणि उपकरणांची पुष्कळशी माहिती तिकडे गेली. फास्टफेच काय, ‘फ्री’ काय, ‘टॉप’ काय, मेमरीचा आकडा सांगताना ही सगळी मंडळी याच फाईलचे दार ठोठावतात. तेव्हा तुम्ही म्हणता ते मूळ दप्तर मुळात नाहीच, मामा. विचारल्यावर दिलेले उत्तर तेवढे आहे.

मामा : नाही कसे? तू आत्ता सांगितलेस ते माझ्या दृष्टीने उत्तमच झाले. मागणी आल्यावर जो शिवारात जाऊन पाहून येतो आणि मग लिहितो, त्याची नोंद बारा नमुन्याची. अशी नोंद कपाटात असण्याचे कारणच नाही. हा आकडा मी मान्य करतो. आता यंत्राच्या नावाची ओळ पाहू. तेथे तर काही धड लिहिलेच नाही.

त्या ओळीत खरोखरच कंपनीचे किंवा प्रतिकृतीचे नाव नव्हते. जेथे उत्पादकाचे नाव असावयाचे तेथे ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’, म्हणजे उत्पादकाने हे भरावे, असा कोऱ्या अर्जावरचा मजकूर जसाच्या तसा राहिला होता. दुकानात सुटे भाग जोडून तयार केलेल्या यंत्रांत ही गोष्ट नित्य आढळते, असे भाचीने सांगितले. मदरबोर्डावरील फर्मवेअरमध्ये यंत्राच्या वर्णनाचे काही तक्ते कारखान्यातच लिहून ठेवलेले असतात. उत्पादक, प्रतिकृती, अनुक्रमांक, मेमरीच्या खोबणी किती आणि त्यांत काय बसवले आहे, असा त्यांचा विषय. लिनक्सवर ‘डीएमआयडिकोड’ या आज्ञेने ते वाचता येतात. हे साधन मुळात अ‍ॅलन कॉक्स यांनी लिहिले आणि जाँ देल्वार यांनी पुढे सांभाळले. आणि त्याच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतच स्पष्ट इशारा दिलेला आहे की या तक्त्यांतील मजकूर बहुधा अपुरा, चुकीचा किंवा निव्वळ खोटा असतो.

मामा : हा झाला नमुना सात. कोणी कळवले तसे लिहिले, आणि कळवले नाही तर रकाना कोरा. इतकेच नव्हे, तर साधनाच्या कर्त्यानेच सांगून ठेवले आहे की यावर विसंबू नका. असा प्रामाणिकपणा मी सरकारी कागदावर क्वचित पाहिला. परंतु तुझ्या सारांशात हा इशारा कोठे आहे? तेथे यंत्राचे नाव आणि मेमरीचा आकडा एकाच ठशात, एकाच रंगात, एकमेकांखाली उभे आहेत.

या मुद्द्यावर भाची काही वेळ बोलली नाही. मला स्वतःला वाटते की वादाचा कणा येथे होता आणि मामांचे म्हणणे येथे निरुत्तर करणारे होते. पण लगेच पुढे जे झाले त्यात पारडे उलट बाजूस झुकले, आणि तेही तितक्याच सबळ कारणाने.

पावतीवर मेमरी आठ जीबी लिहिलेली होती. पडद्यावर एकूण ७.६ दिसत होती. पावतीवर डिस्क पाचशे जीबी, पडद्यावर ४६५. मामांनी दोन्ही आकडे कागदावर उतरवले, फरकाखाली रेघ ओढली, आणि विक्रेत्याने दोन्ही ठिकाणी माप मारले असा निष्कर्ष काढला.

भाची : थांबा, मामा. तुम्ही ज्याला बारा नमुन्याची नोंद म्हणता ती वाचण्यालाही रीत आहे. डिस्क विकणारे हजाराच्या पटीने मोजतात. त्यांचा जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. हे साधन १०२४ च्या पटीने मोजते. पाचशेला त्या मोठ्या मापाने भागा, ४६५ आणि वर काही अंश येतात. माप तेच, वजने वेगळी. मेमरीचे प्रकरण निराळे आहे. मेमरी १०२४ च्याच पटीने विकली जाते, तेव्हा आठ म्हणजे पुरती आठ. परंतु या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून प्रोसेसरमधील ग्राफिक्सने त्यातला काही भाग सुरुवातीलाच आपल्यासाठी राखून घेतला, थोडा फर्मवेअरने घेतला, थोडा कर्नलच्या स्वतःच्या मुक्कामाला लागला. जे वाटपाला उरले तेवढेच कर्नल ‘एकूण’ म्हणून सांगतो. विक्रेत्याने येथे काही लबाडी केलेली नाही.

मामा : मग मोकळी मेमरी इतकी थोडी का? यंत्र नुसते उघडे आहे, आणि अर्ध्या जीबीपेक्षा कमी मोकळी दाखवते आहे.

भाची : कारण लिनक्स मेमरी पडीक ठेवीत नाही. डिस्कवरून वाचलेला मजकूर पुन्हा लागेल म्हणून तो मेमरीत धरून ठेवतो, आणि एखाद्या कामाला जागा हवी झाली की तत्काळ सोडून देतो. त्यामुळे ‘मोकळी’ हा रकाना पाहून कित्येक लोक विनाकारण घाबरत. २०१४ साली कर्नलने ‘उपलब्ध’ असा वेगळा अंदाज द्यायला सुरुवात केली, आणि ‘फ्री’ या आज्ञेतही तो रकाना आला. पाहायचा तो हा. येथे पाच जीबींहून अधिक आहे. आणि ‘वापरलेली’ मेमरी किती, याचे उत्तर तर साधनागणिक बदलते. ‘फ्री’च्या जुन्या आवृत्त्या एकूणातून मोकळी, बफर आणि कॅश वजा करीत; नव्या आवृत्त्या एकूणातून उपलब्ध वजा करतात. निओफेचच्या जुन्या आवृत्त्यांचे सूत्र आणखी तिसरे होते. तिघांनी एकाच फाईलमधून आकडे घेतले आणि तीन बेरजा केल्या. म्हणून म्हणते, मूळ पाहिले म्हणजे सत्य हाती आले असे नव्हे. मूळ आकडा हातात असूनही तुम्ही एका निरपराध माणसावर आळ घेतला असता. जाणत्याने नीट रचलेला सारांश असता, त्यात ‘उपलब्ध’ हा एकच आकडा असता, तर ही चूक घडलीच नसती.

मामांनी ओढलेली रेघ खोडली आणि दोन्ही रकमांपुढे ‘हिशेब जुळला’ असे लिहिले.

निओफेचचे नाव निघालेच होते, म्हणून त्याची हकिकत भाचीने सांगितली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. डिलन अराप्स या प्रोग्रामरने बॅशमध्ये लिहिलेले हे साधन. लिनक्स वापरणाऱ्यांत ते एवढे प्रिय झाले की आपल्या यंत्राचे असे सचित्र पत्रक मित्रांना दाखवणे ही एक रूढीच पडली. एप्रिल २०२४ मध्ये त्याने त्या साधनाचा कोडसंग्रह कायमचा बंद केला आणि आपण शेती पत्करली आहे एवढेच कळवले. कर्ता निघून गेला, तरी ज्यांच्याकडे ते साधन आहे त्यांच्याकडे ते अद्याप बव्हंशी बरोबर उत्तरे देते; याचे कारण असे की लिनस टॉरवाल्ड्स यांनी कर्नलसाठी एक दंडक घालून दिला आहे, की वरच्या प्रोग्रामांना जे उत्तर ज्या स्वरूपात एकदा मिळू लागले ते पुढच्या आवृत्तीत मोडायचे नाही. कर्नलच्या आत कितीही उलथापालथ होवो, प्रश्नाचे दार आणि उत्तराचा नमुना टिकला पाहिजे.

मामा : यासारखा दंडक नाही. नमुन्यांचे क्रमांक पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले, म्हणून माझ्या आधीच्या कारकुनाचे अक्षर मला वाचता आले आणि माझे पुढच्याला येईल. हा लिनक्स वाढतो आहे तो यामुळे, असे समजू का?

भाची : यामुळेही. पुण्याच्या पाषाणमधील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ च्या सप्टेंबरात ‘अर्क’ नावाचा महासंगणक कार्यान्वित झाला. मोसमी पावसाचे अंदाज ज्या गणितांवर उभे राहतात ती गणिते तो करतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सवाचून दुसरी प्रणालीच उरलेली नाही. तेथे बसलेला शास्त्रज्ञ ‘युनेम’ टंकतो, येथे मी टंकते. प्रश्न तोच आणि उत्तराची घडणही तीच. यंत्र केव्हा सुरू झाले हे विचारले तर दोन्हीकडे उत्तर येते ते १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत.

मामा : आमच्या सिडकोची स्थापनाही १९७० चीच, मार्चातली. पण ते असो. आता शेवटचा आकडा राहिला. ही तीन दशांशांची ओळ कसली?

ती भाचीने टंकलेल्या ‘अपटाइम’ या आज्ञेने दिलेली भाराची सरासरी होती. गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांची. तिन्ही आकडे पाचाच्या आसपास. ज्या यंत्रात दोनच गाभे आहेत आणि ज्यावर त्या वेळी कोणीही काम करीत नव्हते, त्यावर हा भार विचित्र होता, आणि फास्टफेचच्या देखण्या पत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता. भाचीचा चेहरा बदलला. तिने ‘टॉप’ लावले. प्रोसेसर बहुतांश रिकामा होता, मात्र प्रतीक्षेचा ‘डब्ल्यूए’ हा रकाना फुगलेला होता. इतर युनिक्स प्रणालींत भार म्हणजे प्रोसेसरसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रक्रिया. लिनक्सने १९९३ साली त्यात डिस्कच्या उत्तराची वाट पाहत खिळून राहिलेल्या प्रक्रियाही धरल्या, आणि तेव्हापासून हा आकडा केवळ प्रोसेसरचा न राहता सबंध यंत्राच्या कोंडीचा झाला. येथे कोंडी डिस्कपाशी होती. कर्नलची रोजनिशी ‘डीमेसेज’ने उघडली तेव्हा तीत डिस्कच्या वाचनदोषांच्या ओळी एकामागून एक सापडल्या.

मग ‘स्मार्टसीटीएल’. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची टाचणे स्वतःच ठेवीत असते. किती वेळ वीज मिळाली, किती खंड नादुरुस्त होऊन त्यांच्या जागी राखीव खंड आले, किती खंड संशयित आहेत. ही टाचणे प्रशासकाच्या अधिकाराशिवाय दिसत नाहीत, म्हणून भाचीने परवलीचा शब्द दिला आणि तक्ता पुढे आला. संशयित खंडांचा आकडा शून्य नव्हता, हे वाईटच; परंतु मामांचे बोट थांबले ते ‘पॉवर-ऑन अवर्स’ या ओळीवर. तेथे एकतीस हजारांवर तास होते.

मामा : ही डिस्क दोन वर्षांपूर्वी बदलली. पावतीवर ‘नवीन’ असा शब्द आहे. दोन वर्षे म्हणजे, रात्रंदिवस चालली असे धरले तरी, साडेसतरा हजार तास. आणि आपले कार्यालय संध्याकाळचे दोन-तीन तास उघडे असते.

भाची : म्हणजे ती दुसरीकडे कोठे तरी वर्षानुवर्षे चाललेली डिस्क आहे. तुमचे म्हणणे या ठिकाणी खरे ठरले, मामा. सारांशाने मला सांगितले ते एवढेच की डिस्क इतकी मोठी आहे आणि इतकी भरली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्हींत डिस्क मरणपंथाला लागली आहे याचा पत्ता नव्हता.

मामा : पण मग ही टाचणे कोणत्या नमुन्यात घालायची? डिस्कने स्वतःविषयी स्वतःच लिहिले आहे. हल्ली शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपल्याच फोनवरून करायची असते. पाहणारा तोच, लिहिणारा तोच. तसे झाले हे.

भाची : अगदी तसेच. आणि तीही बदलता येतात. २०२५ च्या आरंभी जर्मनीतून बातमी आली की एका नामांकित कंपनीच्या वापरलेल्या डिस्का तासांचा आकडा पुसून, नव्या म्हणून, बाजारात विकल्या जात आहेत. तो पुसला गेला तरी त्याच डिस्कमध्ये कंपनीने दुसरी, अधिक खोलवरची टाचणे ठेवलेली होती. त्यांत खरे तास शिल्लक होते, आणि ‘स्मार्टसीटीएल’च्या नव्या आवृत्तीने ती वाचता आली म्हणून लबाडी उजेडात आली. आपल्या डिस्कचे तास कोणी पुसले नाहीत हे आपले नशीब. पुसणारा ते कमी करील; वाढवण्यात त्याचा काही लाभ नाही. म्हणून एकतीस हजार हा आकडा मी निदान तेवढा तरी खरा मानते.

हा युक्तिवाद मला फार आवडला. नोंद खरी की खोटी एवढाच प्रश्न न विचारता, खोटी असेल तर ती कोणत्या दिशेने खोटी असण्यात कोणाचा स्वार्थ आहे, असे विचारणे ही दप्तराच्या परीक्षेची सर्वांत जुनी कसोटी आहे, आणि ती डेटा सेंटरमध्ये काम करणाऱ्या मुलीने आपण होऊन लावली.

यानंतर दोघे पत्रक रचण्यास बसले, आणि तेथे पुन्हा मतभेद झाला. मामांना पत्रक मराठीत हवे होते. भाचीने प्रणालीची भाषा मराठी करून दाखवली. ‘डेट’ या आज्ञेने वार आणि महिना मराठीत सांगितला, परंतु बाकीच्या साधनांचे बहुतेक शब्द इंग्रजीच राहिले, कारण कोणी भाषांतर करून दिल्यावाचून ते मराठी होत नाहीत. त्याहून कठीण अडचण टर्मिनलच्या स्वभावात आहे. टर्मिनल पडद्याचे सारख्या रुंदीचे चौकोन पाडते आणि एका चौकोनात एक अक्षर बसवते; आपली लिपी त्या चौकोनांत मावत नाही. पहिली वेलांटी व्यंजनानंतर टंकली जाते आणि दिसते मात्र त्याच्या आधी, जोडाक्षर कधी एका चौकोनात कोंबले जाते तर कधी दोन चौकोनांवर सांडते, आणि नीट मांडलेले रकाने ओळीगणिक सरकतात. काही टर्मिनले हे बरे हाताळतात, काही अजिबात नाही. पवईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सच्या आज्ञांचे धडे मराठी निवेदनासह तयार केले आहेत, तेव्हा आज्ञा मराठीतून शिकता येते. उत्तर मात्र मराठीत वाचता येत नाही. ज्या भाषेत दप्तराची एवढी जुनी आणि समृद्ध परंपरा आहे, तिच्यात यंत्राच्या उताऱ्याचे चार रकाने सरळ उभे राहू नयेत याचे मला खरोखर दुःख होते, आणि हे काम कोणा विद्यार्थ्याने अंगावर घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोडगा असा निघाला की टर्मिनलवरील उत्तर जसेच्या तसे राहू द्यावे, आणि छापील पत्रक स्वतंत्रपणे मराठीत तयार करावे. भाचीने छोटी स्क्रिप्ट लिहिली. तीत तीन रकाने: बाब, नोंद, आणि नोंद कोठून घेतली. प्रोसेसरपुढे ‘प्रॉकमधील सीपीयूइन्फो’, मेमरीपुढे ‘कर्नल, वाचनाच्या क्षणी’, यंत्राच्या नावापुढे ‘फर्मवेअरमधील तक्ता, पडताळलेला नाही’, डिस्कच्या तासांपुढे ‘डिस्कची स्वतःची टाचणे’. तारीख आणि वेळ वरच्या बाजूस. तिसरा रकाना मामांच्या आग्रहाने आला. पत्रक एका पानातच बसले पाहिजे, हा आग्रह भाचीचा. अनुक्रमांक मात्र तिने गाळले. पत्रकाचे छायाचित्र सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाणार हे उघड होते, आणि कर्नलसुद्धा यंत्राचा अनुक्रमांक प्रशासकाखेरीज कोणाला वाचू देत नाही, तो काही कारणानेच, असे तिने सांगितले.

दुसऱ्या दिवशी मामांनी विक्रेत्याला द्यावयाच्या पत्राचा मसुदा केला. डिस्क बदलून मिळावी, न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल, सोबत एक पानी पत्रक जोडले आहे, असा मजकूर. सारांशावर सही न करण्याचा पण करणाऱ्या गृहस्थांनी सोबतचा कागद म्हणून सारांशच जोडला. भाचीने मसुदा वाचून एकच दुरुस्ती सुचवली. ‘आमच्या माहितीप्रमाणे सदर डिस्क एकतीस हजारांहून अधिक तास चाललेली आहे’ या वाक्यातील पहिले दोन शब्द तिने काढले आणि त्या जागी लिहिले, ‘सदर डिस्कच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे, जी आपण आपल्या दुकानात आमच्यासमोर पुन्हा वाचू शकता’.